ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टला दोघंच जाताना: हिशेब डोंबिवलीतच संपवा

ऑल-इन्क्लुझिव्ह, म्हणजे खोली, जेवणखाण आणि दारू सगळ्याचे पैसे आधीच भरायचं पॅकेज घेतलेलं मराठी जोडपं बुफेत लगेच ओळखू येतं. नवरा भूक नसताना तिसऱ्यांदा प्लेट घेऊन उभा असतो आणि बायको म्हणत असते, "पैसे भरलेत ना, घ्या की अजून एक गुलाबजाम." मी पतसंस्थेत हिशेब तपासते, त्यामुळे वसुलीचं मला अजिबात वावडं नाही. पण ती बुकिंग करायच्या आधी, घरी कागद-पेन घेऊन करायची. एकदा पैसे भरले की संपलं. दोन दिवस पाकीट खोलीतल्या तिजोरीत पडलेलं, आणि "आता जेवायला कुठे जायचं?" हा प्रश्न कोणी कोणाला विचारायचा नाही. पॅकेजचे जास्तीचे पैसे एवढ्यासाठीच असतात. हे पटत नसेल तर नुसती नाश्त्यासकटची खोली घ्या आणि दोन्ही वेळा बाहेर मासे खा. त्यातही काही कमी सुख नाही.

खाली सगळं दक्षिण गोव्याच्या हिशेबाने लिहिलंय: बाणावली, वारका, केळशी, मोबोरचा पट्टा. मुंबई-ठाण्याकडून दोन रात्रींसाठी जाणाऱ्यांना तो सगळ्यात सोयीचा पडतो.

वार आणि गाडी

शुक्रवार-शनिवार सोडा. रविवारी जा, मंगळवारी परत या. रविवार ते गुरुवारचे भाव बऱ्याच रिसॉर्टांत उतरलेले असतात, शनिवारची लग्नाची पार्टी आणि तिचा डीजे गेलेला असतो, आणि रजा दोनच लागतात.

गाडी वंदे भारत. सीएसएमटीहून पहाटे ५:२५ ला सुटते, ठाण्याला थांबते आणि दुपारी १:१० च्या सुमारास मडगावला पोचते. रिसॉर्टची खोली २ वाजता मिळते आणि दुपारचा बुफे साधारण ३ पर्यंत चालू असतो. म्हणजे स्टेशनवरून थेट जेवायलाच. परतीची गाडी मडगावहून दुपारी २:४० ला, आणि खोली सोडायची असते ११ किंवा १२ ला. ही गाडी जणू या पॅकेजसाठीच काढली आहे. फक्त शुक्रवारी ती नसते. पावसाळी वेळापत्रकात आठवड्यातून तीनच दिवस धावते आणि वेळही लांबते, तेव्हा जून ते ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर नीट बघून घ्या. तिकिटं ६० दिवस आधी उघडतात. जायचं आणि यायचं तिकीट मिळालं की मगच रिसॉर्टचे पैसे भरा.

रात्रीची कोकणकन्या मलाही आवडते, पण ती सकाळीच मडगावला उतरवते. मग दुपारी दोनपर्यंत लॉबीच्या सोफ्यावर आंघोळीविना बसायचं. विमानाने जाणार असाल तर तिकीट काढताना विमानतळाचं नाव वाचा. दाबोळी जवळ आहे. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेला मोपा पेडण्याला, म्हणजे गोव्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथून केळशीला टॅक्सीने दोन तास सहज लागतात, आणि तिकिटात वाचवलेले पैसे टॅक्सीवाला घेऊन जातो. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. गोवामाईल्सचं ॲप आहे, नाहीतर स्टेशनवरचा प्रीपेड काउंटर.

डिसेंबरचे शेवटचे दहा दिवस विसरा. २४ आणि ३१ तारखेचं 'गाला डिनर' बऱ्याच ठिकाणी सक्तीचं असतं आणि ते पॅकेजच्या वर लावतात. जेवणासकटचे पैसे भरूनसुद्धा जेवणाचे वेगळे पैसे!

कागदावरची वसुली

एकाच रिसॉर्टचे, त्याच तारखांचे दोन भाव मागवा: नाश्त्यासकट आणि सगळ्यासकट. हॉटेलवाल्यांच्या भाषेत नाश्त्याच्या खोलीला सीपी म्हणतात, नाश्ता आणि एक जेवण म्हणजे एमएपी, तिन्ही वेळचं जेवण म्हणजे एपी. ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये त्यावर दारू, संध्याकाळचा चहा-भजी आणि काही खेळ येतात. एपी आणि ऑल-इन्क्लुझिव्ह या दोन्हींना 'सगळं इन्क्लुडेड आहे, सर' असं फोनवर सांगितलं जातं, म्हणून नाव विचारून घ्या.

आता दोन भावांतला फरक काढा. समजा तो दिवसाला ६,००० निघाला. या ६,००० मध्ये तुम्ही दोघं खरोखर काय खाणार-पिणार ते लिहा. आमचं सांगते. नवरा संध्याकाळी दोन बियर घेतो, मी घेत नाही. दोघंही मासे खातो. दुपारी पोटभर, रात्री बेताचं. बाहेरच्या साध्या हॉटेलात दुपारची दोन फिश थाळी, संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण आणि बियर धरूनही ६,००० होत नाहीत. पण त्याच गोष्टी रिसॉर्टच्याच रेस्टॉरंटात मेन्यूकार्डावरून मागवल्या तर ६,००० च्या वर जातात. तेव्हा खरा प्रश्न एवढाच: दिवसातून दोनदा स्कूटर किंवा टॅक्सी करून तुम्ही बाहेर पडणार का? पडणारे असाल तर पॅकेज नको. दुपारच्या उन्हात गेटच्या बाहेर पाऊल टाकायची इच्छा नसेल तर घ्या.

दारूचं वेगळं सांगायला हवं, कारण नवरेमंडळी पॅकेजचं गणित तिथूनच सुरू करतात. गोव्यात दारू महाराष्ट्राच्या मानाने स्वस्त. वाइन शॉपच्या भावाने मोजलं तर पॅकेजातली 'अनलिमिटेड' दारू वसूल करायला जे प्यावं लागेल ते पिऊन समुद्र दिसणार नाही. दारूसाठी पॅकेज घ्यायचं ते मालदीवसारख्या ठिकाणी, जिथे रिसॉर्टच्या बेटावर दुसरं दुकानच नाही. गोव्यात दारू ही पॅकेजची वरकड समजा. दोघंही न पिणारे असाल तर तसं सांगून एपीचा भाव मागा. न सांगता कोणी कमी करत नाही.

आणि कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलं की १८. त्यामुळे ७,४०० ची खोली करासकट ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दोनशेच्या फरकाने बाराशे गेले. भाव या सीमेच्या आसपास घोटाळत असेल तर फोन उचला आणि 'थोडं खाली बसवा' म्हणा. वारावाराचे भाव त्यांच्या हातात असतात. दाखवलेला भाव करासकट आहे की कराशिवाय, हे मात्र आधी विचारायचं.

पैसे भरण्याआधीचं पत्र

फोनवर सगळेच गोड बोलतात. रिसॉर्टला मेल करा आणि उत्तर मेलवरच घ्या. मी पाठवते तो मजकूर जवळजवळ असा असतो:

"नमस्कार. आम्ही दोघं अमुक तारखेला दुपारी दोनच्या सुमारास पोचू. कृपया कळवावं: १) पहिल्या दिवशीचं दुपारचं जेवण पॅकेजमध्ये धरलं आहे का? शेवटच्या दिवशी खोली सोडल्यानंतर जेवता येईल का? २) कोणकोणत्या रेस्टॉरंटात पॅकेज चालतं? ३) बार किती वाजता उघडतो, शेवटची ऑर्डर कधी, आणि कोणते ब्रँड धरले आहेत? ४) खोलीत मागवलेल्या जेवणाचे वेगळे पैसे पडतात का? ५) मिनी बार एकदाच भरून देता की रोज? ६) आमच्या तारखांना रिसॉर्टमध्ये लग्न किंवा कंपनीचं संमेलन आहे का?"

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दोन रात्रींच्या पॅकेजात जेवणं किती, हे जागोजागी वेगळं असतं. कुठे पहिल्या दुपारपासून शेवटच्या नाश्त्यापर्यंत, कुठे पहिल्या रात्रीपासून शेवटच्या दुपारपर्यंत. दुपारी दोनला पोचणाऱ्याला पहिलं लागतं. सहावा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग हळदीच्या कार्यक्रमाचा ढोल ऐकत बसतात. एका ठिकाणी आम्हाला 'प्रीमियम ब्रँड' या शब्दाच्या जोरावर साध्या टॉनिक वॉटरचेसुद्धा पैसे लावले होते. मेलवर ब्रँडची यादी होती म्हणून ते बिलातून निघाले.

ओळखपत्र दोघांचंही, मूळ. आधारवर माहेरचं नाव असलं तरी काही बिघडत नाही. लग्न न झालेल्यांना खोली देऊ नये असा आपल्याकडे कायदा नाही. पण काही हॉटेलांचे स्वतःचे नियम असतात आणि दारात उभं राहून कायदा सांगण्यात संध्याकाळ जाते, म्हणून हेही मेलवर विचारून घ्यावं.

खोलीच्या प्रकाराबद्दल थोडक्यात: 'सी व्ह्यू'ला भुलू नका. किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून आहेत, आणि गोव्याच्या गावकिनाऱ्यांवर भरतीरेषेपासून साधारण दोनशे मीटरच्या पट्ट्यात पक्कं बांधकाम बहुतेक ठिकाणी करू देत नाहीत. त्यामुळे समुद्र आणि तुमची बाल्कनी यांच्यामध्ये हिरवळ, माड, वाळूच्या टेकड्या येतात, आणि 'पार्शल सी व्ह्यू' म्हणजे दोन झावळ्यांमधून दिसणारी निळी फट. ते पैसे वाचवा. तळमजल्याची, बागेत उघडणारी खोली मागा. ओले पाय घेऊन जिने चढावे लागत नाहीत. 'प्रायव्हेट बीच' असं लिहिलेलं असलं तरी किनारा कोणाच्या मालकीचा नसतो. त्यांची असते ती फक्त वाट आणि खुर्च्या.

तारीख पंचांगातून

हे माझ्या वडिलांकडून आलंय, ते रेवदंड्याचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला पुरतं.

याचा उपयोग असा. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास गेलात तर संध्याकाळी पाच-साडेपाचला ओहोटी लागलेली असते. मोबोरच्या बाजूला पाणी लांब गेलेलं, ओली घट्ट वाळू, आणि साळ नदी समुद्राला मिळते त्या टोकापर्यंत अनवाणी चालत जाता येतं. पलीकडे बेतूलच्या होड्या परतताना दिसतात. पौर्णिमा असेल तर सूर्य बुडायच्या सुमाराला मागे माडांमधून चंद्र वर येतो. हेच अष्टमीला गेलात तर सूर्यास्ताच्या वेळी पाणी वर चढलेलं, आणि चालायला उरते ती बहुतेक पाय रुतणारी कोरडी वाळू. भाव दोन्ही आठवड्यांचा तोच.

पोहायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचंच नाही. संध्याकाळी सहानंतर जीवरक्षक बुरुजावर नसतात, आणि दोन बियर झालेल्या माणसाला समुद्र नेमका तेव्हाच बोलावतो. बायकोने तिथे भांडण करावं, माझी पूर्ण परवानगी आहे. किनाऱ्यावर उघड्यावर पिणं गोव्यात कायद्याने बंद आहे, पॅकेजचा ग्लास हातात घेऊन वाळूत उतरलात तरी. पावसाळ्यात भाव अर्ध्यावर येतात आणि पोहणं बंद असतं. ज्यांना फक्त खोली, पाऊस आणि झोप हवी आहे त्यांच्यासाठी तो सगळ्यात छान मोसम आहे.

ताटाचं

रिसॉर्टच्या बुफेत 'गोवन फिश करी' अशी पाटी असते आणि आत बरेचदा बासा. पांढरा, काटा नसलेला, कसलीच चव नसलेला. दिल्लीच्या पाहुण्यांना काटा नको असतो म्हणून हे चालतं. कोकणच्या माणसाने तो डाव परत ठेवावा आणि लाइव्ह काउंटरवरच्या शेफशी बोलावं. पहिल्या संध्याकाळी, गर्दी व्हायच्या आधी, साडेसातला जा. "उद्या दुपारी बांगडा किंवा मुड्डोशी तव्यावर मिळेल का, रवा लावून?" असं विचारा. स्वयंपाकघरात काम करणारी पोरं अनेकदा कारवारची, सिंधुदुर्गाची असतात आणि मासा ओळखणारा गिऱ्हाईक भेटला की त्यांनाही बरं वाटतं. आम्हाला एकदा कर्मचाऱ्यांसाठी केलेल्या हुमणाचा, म्हणजे माशाच्या आमटीचा, वाडगा असाच मिळाला होता: तेफळं घातलेलं, आंबट, जिभेच्या टोकाला मुंग्या आणणारं. बुफेतल्या सतरा पदार्थांची तेवढी लायकी नव्हती. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा त्या दोन महिन्यांत असा हट्ट धरू नका. चिकन खा.

पैसे भरलेले असूनही एक जेवण बाहेर करा, सोमवारी दुपारचं. होय, फुकट जातं. जाऊ दे. बुफेतलं सहावं जेवण कोणाच्याच घशाखाली उतरत नाही. मार्च ते मे असेल तर काजूचा मोसम असतो आणि गावातल्या छोट्या बारमध्ये उर्राक, म्हणजे काजूबोंडाच्या रसाची दारू, मिळते, लिमका, मीठ आणि उभी चिरलेली मिरची घालून. रिसॉर्टच्या यादीत ती सहसा नसते. नवऱ्याने माझ्यासमोर पहिला घोट घेतला आणि म्हणाला, "अगं, वास घे, आपल्या काजूबोंडाचा." मी वास घेतला. तेवढं पुरे.

बुफेच्या वेळांचा एक कागद खोलीत असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. बाकी वेळापत्रक पाळू नका. साडेदहाला नाश्ता बंद होतो म्हणून नवऱ्याला साडेआठला हलवून उठवणं हे सुट्टीवर आल्याचं लक्षण नाही. एक वेळ नाश्ता बुडाला तरी चालेल.

दोघांचं

दोन दिवस चोवीस तास एकमेकांसमोर राहायची सवय लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्यांना नसते. घरी ऑफिस, लोकल, सासूबाई, टीव्ही असतात मधे. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवून घ्या: दुपारी तीन ते पाच कोणी कोणाला हाक मारायची नाही. तो झोपतो, मी पुस्तक घेऊन पूलच्या कडेला. पाचला चहाला भेटायचं. तेव्हा बोलायला काहीतरी असतं.

पूलमध्ये सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचाच पोशाख लागतो. बायकांसाठी गुडघ्यापर्यंतचे, बाह्यांचे मिळतात. ठाण्यात घ्या, रिसॉर्टच्या दुकानात तेच दामदुप्पट. लाजू नका, तिथे तुमच्याकडे बघायला कोणी आलेलं नसतं.

घरच्यांना नंबर द्या रिसॉर्टच्या रिसेप्शनचा, आणि सांगा की खरंच गरज असेल तर तिथे लावा. गॅसचं बुकिंग कसं करायचं, दही कुठल्या भांड्यात लावलंय, असले फोन रिसेप्शनवर कोणी करत नाही. आमच्याकडे सासूबाईंच्या गोळ्या डब्यात वारांप्रमाणे लावून, दूधवाल्याला एक पिशवी कमी सांगून आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली देऊन निघायचं असतं. हे शनिवारी रात्री झालं नाही तर रविवारी पहाटेची डोंबिवली-ठाणे लोकल चुकते आणि मग पुढचं सगळंच.

बिल

पोचल्यावर कार्डावर काही रक्कम अनामत म्हणून अडकवतात, तिचा आकडा आणि ती कधी सुटणार ते तेव्हाच विचारा. शेवटच्या रात्री, जेवण झाल्यावर, रिसेप्शनला जाऊन आतापर्यंतचं बिल छापून मागा. सकाळी अकराला तिथे रांग असते, टॅक्सीवाला हॉर्न वाजवत असतो, आणि माणूस चारशे रुपयांसाठी वाद घालत नाही. नेमके तेच चारशे जातात. बिलात बघायचं ते मिनी बार, कपडे धुणं आणि खोलीत मागवलेला चहा. सेवाशुल्क दिसलं तर ते सक्तीचं नाही, काढा म्हणायचं. टीप मात्र रोख द्या, खोली साफ करणाऱ्या बाईंना आणि तव्यावरच्या त्या पोराला, हातात.

खोली अकराला सोडली तरी पूल आणि बाग वापरू देतात, बॅगा काउंटरच्या मागे ठेवतात. मोबोरहून मडगाव स्टेशनला टॅक्सीने पाऊण तास धरा आणि साडेबाराला निघा, म्हणजे वाटेत मडगावच्या बाजारातून सुके बांगडे आणि कोकम घ्यायला वेळ मिळतो. बांगडे दोन पिशव्यांत, वरून वर्तमानपत्र, आणि पिशवी सामानाच्या फळीवर ठेवायची नाही, पायाशी. वंदे भारतचा डबा बंद असतो आणि ठाणं येईपर्यंत सात तास असतात.